काकांची पद्मिनी आणि जुन्या गाड्यांची घरची दुरुस्ती



निकाल, शिस्त आणि पाण्याची टाकी हे प्राचार्यांच्या पानावरचे नेहमीचे विषय या वेळी बाजूला ठेवून मी एका जुन्या मोटारीबद्दल लिहिणार आहे. स्नेहसंमेलनाला मी माझ्या काकांच्या पांढऱ्या पद्मिनीतून शाळेत आलो, तेव्हापासून नववी-दहावीची मुले मला व्हरांड्यात गाठून विचारतात, "सर, हे गाडी तुम्ही खरंच घरी बनवली का?" पालक विचारतात, "सर, पैसे किती लागले?" दोन्ही प्रश्नांची उत्तरे येता-जाता देण्यासारखी नाहीत, म्हणून इथे लिहीत आहे. माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, मराठी ही घरची आणि अंगणातली. त्यामुळे लेखात एखादा 'पुर्जा' किंवा 'पेचकस' आला तर मराठीच्या शिक्षकांनी लाल शाई काढू नये. आपल्याकडचे मिस्त्री 'सुटे भाग' म्हणत नाहीत, पुर्जेच म्हणतात.

काकांनी ही गाडी १९८६ मध्ये नागपूरहून आणली. त्या वर्षी आंबिया बहाराच्या संत्र्याला भाव चांगला मिळाला होता. गाडीत माणसांपेक्षा संत्रीच जास्त बसली, आणि माझ्या लग्नात नवरदेवही त्याच सीटवर बसून सौंसरला गेला. २००९ मध्ये काकांचे गुडघे थकले आणि गाडी टिनाच्या शेडखाली उभी राहिली ती राहिलीच. २०१६ मध्ये काका गेले. काकू मात्र दर दसऱ्याला तिच्या बॉनेटवर झेंडूची माळ आणि आपट्याचे पान ठेवत. चाकांत हवा नव्हती, डिकीत मांजर व्यायली होती, पण पूजा कधी चुकली नाही.

२०२२ च्या उन्हाळ्यात भंगारवाला आला. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, वजनाचा अंदाज केला आणि लोखंडाच्या भावाने रक्कम सांगितली. घरातल्या बहुतेकांचे मत "देऊन टाका" असेच पडले. काकू काही बोलल्या नाहीत. देवघरातून किल्ली आणून ओट्यावर ठेवली आणि आत निघून गेल्या. माझा भाचा तेव्हा पॉलिटेक्निकला होता. तो म्हणाला, "मामा, मला ही एक सुट्टी द्या. नाही जमलं तर पुढच्या वर्षी देऊन टाकू." त्या एका सुट्टीची जवळजवळ अडीच वर्षे झाली.

आता या गाडीची थोडी कुळकथा. सोलापूरला १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी सुरू केली. विशाखापट्टणमचा जहाज कारखाना आणि बंगलोरचा विमान कारखाना यांची सुरुवातही याच माणसाची. मुंबईत कुर्ल्याला त्यांच्या कंपनीचा कारखाना होता. इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन पन्नासच्या दशकात तिथे 'फियाट ११००' बनू लागली. तिच्या गोल, फुगीर आकारामुळे मराठी माणसाने तिला 'डुक्कर फियाट' म्हटले, आणि आजही जुन्या गाड्यांचे शौकीन, मग ते तमिळ असोत की पंजाबी, तिला 'डुक्कर' याच मराठी नावाने ओळखतात. पुढे साठच्या दशकात नवे चौकोनी मॉडेल आले आणि सत्तरच्या दशकात त्याला चितोडच्या राणीचे नाव मिळाले, 'प्रीमियर पद्मिनी'. २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरमधली होती. वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती काळी-पिवळी रस्त्यावरून उतरली, तेव्हा आमची पद्मिनी इकडे चार लाकडी ठोकळ्यांवर उभी होती.

अशा गाड्या घरी दुरुस्त करता येतात याचे एक साधे कारण आहे. त्यात जे घडते ते डोळ्यांना दिसते. आजच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचे आणि ठिणगी केव्हा पाडायची हे एक छोटा संगणक ठरवतो. तो बिघडला तर बदलतात, दुरुस्त करत नाहीत. पद्मिनीचे १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन मात्र बॉनेट उघडले की समोर. पेट्रोल आणि हवा कार्बोरेटरमध्ये मिसळते, ठिणगीची वेळ डिस्ट्रिब्युटरमधला एक फिरता कॅम ठरवतो. दहावीच्या मुलांनी इथे जरा थांबावे. तुम्ही विद्युतचुंबकीय प्रवर्तन पाठ करता, ते इथे काम करताना दिसते. बॅटरी १२ व्होल्टची, पण प्लगला ठिणगी पाडायला दहा-पंधरा हजार व्होल्ट लागतात. ते येतात कुठून? इग्निशन कॉइलमध्ये थोड्या वेढ्यांची जाड तार आणि हजारो वेढ्यांची बारीक तार असते. जाड तारेतला प्रवाह एकदम तोडला की बारीक तारेत मोठा दाब निर्माण होतो. हा प्रवाह तोडण्याचे काम 'पॉइंट' नावाचे दोन छोटे धातूचे ओठ करतात. त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही थोडी कमी ठेवावी लागते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर चार सिलिंडरमागे सेकंदाला १०० ठिणग्या पडतात, म्हणजे ते ओठ सेकंदाला शंभर वेळा उघडझाप करतात. हे गणित फळ्यावर मी कितीदा तरी केले असेल. फीलर गेजची पातळ पट्टी त्या फटीत सरकवून पाहिली ती मात्र पन्नाशी ओलांडल्यावर.

बहुतेक हौशी लोकांची पहिली चूक म्हणजे उभी गाडी लगेच सुरू करून पाहणे. आम्हीही नवी बॅटरी आणून ठेवली होती. नशिबाने त्याच सकाळी गल्लीतल्या जुन्या मिस्त्रींना बोलावले होते. वय सत्तरीच्या पुढचे, हाताला थोडा कंप, पण गाडीपाशी आले की पाठ सरळ होते. ते म्हणाले, "सेल्फले हात नका लावू, गुरुजी. गाडी चालून नाही बिघडली, उभी राहून बिघडली. आता तिले झोपेतून एकदम उठवान तर अंग मोडन तिचं." सेल्फ म्हणजे स्टार्टर मोटर. याचा अर्थ त्यांनी नंतर समजावला. वर्षानुवर्षे उभ्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल निथळून जाते, ओल धरते आणि पिस्टनच्या रिंगा गंजून भिंतीला चिकटतात. अशा वेळी मोटरने जोर लावला तर रिंगा तुटतात, भिंतीवर ओरखडे पडतात आणि बदलण्याजोगे नसलेले इंजिन बदलावे लागते.

म्हणून आधी चारही प्लग काढले. प्रत्येक भोकातून डिझेल आणि पातळ तेलाचे मिश्रण थोडे थोडे ओतले आणि आठ दिवस तसेच सोडले. नवव्या दिवशी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून भाचा आणि मी तिला इंच-इंच पुढेमागे ढकलू लागलो. काही नाही. पुन्हा तेल, पुन्हा आठवडा. तिसऱ्या खेपेला ढकलताना आतून 'चर्र' असा आवाज आला आणि पंख्याचा पट्टा हलला. शेजारच्यांना काय झाले ते कळले नाही, पण आम्ही दोघे अंगणात ओरडलो.

इंजिन फिरले म्हणजे बरे झाले असे नाही. हेड उघडावे लागले, रिंगा बदलाव्या लागल्या, व्हॉल्व्ह घासून त्यांच्या बैठकीवर बसवावे लागले. हे काम घरचे नव्हे, लेथ मशीनवाल्याचे. काय घरी करायचे आणि काय बाहेर द्यायचे हे ओळखणे हाच या छंदातला अर्धा भाग आहे. उघडणे, साफ करणे, मोजणे, जोडणे घरी होते. सिलिंडर बोअर करणे, क्रँक घासणे, पत्र्याचे वेल्डिंग, अखेरचा रंग यासाठी जाणता माणूस लागतो. यूट्यूब पाहून सगळेच घरी होते असे ज्यांना वाटते त्यांनी निदान वेल्डिंगच्या वाटेला जाऊ नये.

आता आमची फजिती सांगतो, कारण तिच्यातून मुलांना जास्त कळेल. भाच्याने उत्साहाच्या भरात एका दुपारी डिस्ट्रिब्युटर, प्लगच्या तारा, कार्बोरेटर असे सगळे उघडून एका घमेल्यात रचून ठेवले. खूण नाही, फोटो नाही. मीही तिथेच होतो आणि मीच घमेले आणून दिले होते. जोडताना एक वायसर उरला आणि एक स्क्रू कमी पडला. सगळे बसवून सेल्फ मारला तर सायलेन्सरमधून बंदुकीसारखा बार निघाला आणि शेडवरची कबुतरे उडाली. तीन आठवडे आम्ही कार्बोरेटरला दोष देत राहिलो. मिस्त्री आले, लांब पेचकसाची मूठ कानाला आणि टोक इंजिनला लावून ऐकले आणि हसले. दोन नंबर आणि तीन नंबरच्या प्लगच्या तारा अदलाबदल झाल्या होत्या. या इंजिनात ठिणगी १-३-४-२ अशा क्रमाने पडते, आम्ही १-२-४-३ जोडले होते. दोन मिनिटांचे काम.

या संदर्भात इंग्लंडमधली एक गोष्ट विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे. जॉन हेन्स नावाच्या शाळकरी मुलाने १९५६ मध्ये जुन्या 'ऑस्टिन सेव्हन' गाडीवर घरी काम करून ते कसे केले याची एक छोटी पुस्तिका काढली आणि तिच्या २५० प्रती विकल्या. पुढे हवाई दलात असताना मित्राची गाडी दुरुस्त करताना त्याच्या लक्षात आले, की कंपनीची पुस्तके सामान्य माणसाच्या उपयोगाची नाहीत. मग गाडी पूर्ण उघडायची, प्रत्येक पायरीचे छायाचित्र घ्यायचे, पुन्हा जोडायची आणि तेच पुस्तकात छापायचे, अशी पद्धत त्याने पाडली. १९६६ मध्ये पहिले 'हेन्स मॅन्युअल' निघाले आणि नंतर ती जगभर गेली. आमच्या घमेल्याच्या प्रकारानंतर भाच्याने दोन गोष्टी केल्या. प्रत्येक पुर्जाचा उघडण्याआधी मोबाइलने फोटो, आणि आपल्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकांच्या जुन्या पाकिटांत ते पुर्जे, वर पेन्सिलने नाव. त्या पाकिटांचा एवढा चांगला उपयोग शाळेतही झालेला नाही.

खरा शत्रू मात्र इंजिन नव्हे, गंज. आणि इथे पद्मिनी आणि जीप यांत मोठा फरक आहे. आपल्या भागात बऱ्याच शेतकऱ्यांकडे जुन्या महिंद्रा जीप आहेत. जीपला खाली लोखंडी चॅसिसची शिडी असते आणि वरचा सांगाडा तिच्यावर बोल्टने बसवलेला असतो. पत्रा सडला तर काढा, नवा ठोका. पद्मिनीला अशी वेगळी चॅसिस नाही. पत्र्याचे तळ, बाजूच्या पट्ट्या आणि छत मिळूनच गाडीची ताकद बनते. म्हणजे पायाखालचा पत्रा सडला तर फक्त पाय ओले होतात असे नाही, गाडीची कंबरच खिळखिळी होते. जुनी फियाट घ्यायला जाणाऱ्याने रंगाची चमक पाहू नये. गालिचा उचलावा, दरवाज्याखालच्या पट्टीवर पेचकसाच्या मुठीने ठोकून पाहावे. टणक आवाज आला तर ठीक. भसभशीत आवाज आला तर आत लांबी भरून वरून रंग मारला आहे असे समजावे. आमच्या गाडीचा ड्रायव्हरकडचा तळ हाताने फाटला. तिथे नवा पत्रा कापून जोडावा लागला, आणि दरवाजे नीट लागतात की नाही हे पाहत पाहत थोडे थोडे वेल्डिंग करावे लागले. एकदम केले असते तर उष्णतेने पत्रा वाकून दरवाजा कायमचा अडकला असता.

लहान पुर्जांचा गंज काढण्यासाठी भाच्याने जो प्रयोग केला, तो मी नंतर नववीच्या मुलांना अंगणात बोलावून दाखवला. प्लास्टिकच्या बादलीत पाणी, त्यात धुण्याचा सोडा. गंजलेला पुर्जा तारेने बांधून मधोमध टांगायचा आणि बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला जोडायचा. बाजूला निकामी लोखंडाचा तुकडा धन टोकाला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होता कामा नये. प्रवाह सुरू केला की पुर्जावर बारीक बुडबुडे येतात. तो हायड्रोजन. काही तासांत लाल गंज सुटून पाणी गढूळ होते आणि धन टोकाचा तुकडा झिजतो. पुर्जा काढून घासला की काळसर, स्वच्छ लोखंड हाती येते. तो लगेच वाळवून प्राइमर लावावा लागतो, नाहीतर संध्याकाळपर्यंत पुन्हा लाली चढते. दोन सूचना मात्र पाळायच्याच. हा प्रयोग उघड्यावर करायचा, कारण हायड्रोजन पेट घेतो. आणि धन टोकाला स्टेनलेस स्टीलचा चमचा कधीही लावायचा नाही, कारण त्यातल्या क्रोमियमपासून विषारी संयुगे पाण्यात उतरतात. दाराची बिजागरी स्वच्छ होऊन निघाली तेव्हा मागच्या बाकावरचा, एरवी खिडकीबाहेर पाहणारा एक मुलगा म्हणाला, "सर, याचं समीकरण लिहून दाखवा ना." विज्ञान शिकवायला लागल्यापासून समीकरण मागणारा विद्यार्थी मी पहिल्यांदाच पाहिला.

पेट्रोलचा प्रश्न आजच्या काळातला आहे, म्हणून तो नीट समजून घ्यावा. या गाड्या बनल्या तेव्हा पेट्रोलमध्ये शिसे असे. ते इंजिनाची ठकठक कमी करी आणि व्हॉल्व्हच्या बैठकीवर बारीक थर धरून तिला झिजू देत नसे. पण धुरातून बाहेर पडणारे शिसे मुलांच्या मेंदूला घातक असल्यामुळे आपल्या देशात फेब्रुवारी २००० पासून शिसेविरहित पेट्रोलच मिळते, आणि ते योग्यच झाले. ज्या जुन्या इंजिनात व्हॉल्व्हची बैठक साध्या बिडाची आहे, तिथे हेड उघडलेच आहे तर कठीण धातूच्या बैठका बसवून घ्याव्यात. आता दुसरा बदल आला आहे. २०२५ पासून देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते आणि जुन्या प्रकारचे रबर फुगवते. जुन्या गाडीत रबराची नळी, पेट्रोल पंपाचा पडदा, कार्बोरेटरच्या चकत्या हे सगळे त्या जुन्या रबराचे. आमची एक नळी सहा महिन्यांत मऊ पडून पाझरू लागली. गरम इंजिनावर पेट्रोल पाझरणे म्हणजे काय ते सांगायला नको. आता इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या टाकल्या आहेत, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरमधले पेट्रोल काढून ठेवतो.

ब्रेकबद्दल एकच सांगतो. इंजिन सुरू व्हायच्या आधी ब्रेक झाले पाहिजेत. आमच्या गाडीला चारही चाकांना ड्रमचे ब्रेक आहेत. उभ्या गाडीत ब्रेकच्या तेलाने ओल धरलेली असते आणि आतले छोटे सिलिंडर गंजलेले असतात. पायाला ब्रेक लागल्यासारखा वाटतो आणि सिल्लेवानीच्या घाटात उतारावर तो पाय तळाला जातो. इथे काटकसर करू नये. दुसरे असे, की जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ड्रम उघडल्यावर ती धूळ फुंकरीने किंवा हवेच्या पंपाने उडवू नये. ती फुफ्फुसात बसते. तोंडाला मास्क लावून ओल्या फडक्याने पुसावी आणि ते फडके पिशवीत बांधून टाकावे. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, पुन्हा लिहितो, कोणीही जाऊ नये. खाली मजबूत लोखंडी स्टँड लावल्याशिवाय भाच्यालाही मी आत जाऊ दिले नाही, भले तो मामाला भित्रा म्हणो.

कागदपत्रांविषयी आपल्याकडे बराच गैरसमज आहे. "पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते" असे अनेक पालकांनी मला ठामपणे सांगितले. तसे नाही. दिल्लीचे नियम वेगळे, म्हणून तिकडच्या बातम्या पाहून इकडे घाबरू नये. आपल्याकडे खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासणीत पास झाली तर नोंदणी दर ५ वर्षांनी वाढवून मिळते. शुल्क मात्र वाढले आहे. २०२२ च्या एप्रिलपासून १५ वर्षांवरील मोटारीला ५,००० रुपये झाले, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये २० वर्षांवरील मोटारीसाठी ते १०,००० रुपये झाले. ज्यांच्या घरी ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी किंवा मोटारसायकल आहे त्यांच्यासाठी २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने 'व्हिंटेज' वाहनांचे वेगळे नियम काढले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये, आणि नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए'. पण अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. आमची पद्मिनी त्यात बसत नाही, तिला पन्नास पूर्ण व्हायला अजून वेळ आहे. तिची नोंदणी साध्या मार्गानेच झाली. काकांच्या नावावरून काकूंच्या नावावर करताना जेवढे कागद लागले तेवढ्यांत एक पुर्जाकोश झाला असता. तेवढ्या काळात, २०२३ मध्ये, आपला पांढुर्णा जिल्हाही होऊन गेला.

गाडी जोडत आणली तसा भाचा आणि मी यांच्यात एका गोष्टीवरून वाद झाला. त्याला नवी सीट, अलॉय चाके, मोबाइल लावायचा स्टिरिओ हवा होता. मला ती १९८६ सारखी हवी होती. जगभरच्या जुन्या वाहनांच्या संघटनांचा एक महासंघ १९६६ पासून आहे. त्याने यासाठी तत्त्वे ठरवून दिली आहेत. जे टिकले आहे ते आधी जपावे, जे बिघडले ते दुरुस्त करावे, आणि गेलेले नव्याने बनवायची वेळ सर्वांत शेवटी यावी. म्हणजे जास्त चकचकीत गाडी ती जास्त चांगली असे नाही. वादाचा निकाल काकूंनी लावला. ड्रायव्हरच्या सीटला काकांच्या बसण्याने डावीकडे एक खोलगा पडला होता. स्पंज बदलायला माणूस आला तेव्हा काकू म्हणाल्या, "ते राहू दे." ते राहिले. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअरही तसाच आहे. सुरक्षेच्या बाबतीत मात्र मी भाच्याचे ऐकले आणि नवे सीटबेल्ट लावले. शुद्धतेचा आग्रह धरणारे काय म्हणायचे ते म्हणोत.

खर्चाचे उत्तर द्यायचे राहिले. वही ठेवली होती. पत्रा, रंग, लेथचे काम, रबर, टायर, कागद सगळे मिळून १ लाख ३८ हजार रुपये लागले. आमची मजुरी त्यात धरलेली नाही. गाडी विकली तर एवढे येतील की नाही कुणास ठाऊक. फायद्यासाठी हे करायचे असेल तर करू नये, जुनी गाडी मुलासारखी खाते. पुर्जे शोधण्यातही महिने जातात. काही नागपूरला मिळाले, काही मुंबईहून कुर्ल्याच्या जुन्या पुर्जांच्या बाजारातून आले. एका दुकानाने कार्बोरेटर धुऊन देताना आतले चांगले पितळी जेट काढून झिजलेले घातले, तेव्हापासून दिलेल्या वस्तूचा फोटो दुकानदारासमोरच काढतो.

पण पुर्जांपेक्षा मला वेगळीच काळजी आहे. मिस्त्रींनी पॉइंटची फट गेजशिवाय, पोस्टकार्डाच्या कपट्याने लावून दाखवली. नंतर आम्ही मोजली तर बरोबर. इंजिन गरम झाले की कोणता आवाज व्हॉल्व्हचा आणि कोणता बेअरिंगचा हे ते डोळे मिटून सांगतात. हे कुठे लिहिलेले नाही. त्यांच्या मुलांनी दुसरे धंदे धरले, आणि त्यात त्यांची चूक नाही, कार्बोरेटरच्या गाड्या आता किती उरल्या? भाच्याने त्यांचे बोलणे मोबाइलवर रेकॉर्ड करायला सुरुवात केली आहे. आवाज, आणि त्याखाली बिघाडाचे नाव. आतापर्यंत सव्वीस आवाज झाले. मिस्त्रींना आधी हे हसण्यावारी वाटले. आता ते स्वतःच निरोप पाठवतात, "एक अँबेसडर आली आहे, लवकर ये, असा आवाज पुन्हा नाही भेटणार." अँबेसडरचे उत्पादनही २०१४ मध्ये थांबले, त्यामुळे ते म्हणतात त्यात अतिशयोक्ती नाही.

२०२४ च्या दसऱ्याला काकूंनी झेंडूची माळ बॉनेटवर घातली आणि या वेळी मागच्या सीटवर बसल्या. मिस्त्री पुढे. आम्ही जाम नदीच्या पुलापर्यंत गेलो आणि परत आलो. येताना हॉर्न बंद पडला. तो अजून अधूनमधून बंद पडतो, तार कुठेतरी पत्र्याला टेकते आहे आणि ती जागा सापडलेली नाही.

वार्षिक परीक्षा संपल्यावर पहिल्या तीन शनिवारी दुपारी ती तार शोधायचे काम माझ्या अंगणात होईल. नववी आणि अकरावीच्या ज्या मुलामुलींना यायचे असेल त्यांनी पालकांची सही असलेली चिठ्ठी वर्गशिक्षकांकडे द्यावी. जुने कपडे आणि बंद बूट घालून यावे, हातात कडे किंवा घड्याळ नको. एका वेळी सहापेक्षा जास्त जणांना घेता येणार नाही, शेड लहान आहे. मिस्त्री येणार आहेत.